हंगाम पास

धारकोटच्या उतारावर तीन तऱ्हेचे पास मिळतात,
हे मला मानवतच्या जिनिंगमध्ये कळलं, काट्यामागच्या खोलीत.
बाहेर ट्रॅक्टरांची रांग. नुसरत ओलाव्याची सुई
कापसात खुपसून ओरडत होती:
चौदा! परत न्या, वाळवा.

पहिला अख्ख्या हंगामाचा, बर्फ टिकेल तोवर.
दुसरा, कोणतेही दहा दिवस.
तिसरा सोमवार ते शुक्रवार, गर्दी न सोसणाऱ्यांसाठी.
दिवाळीच्या आत पैसे भरले तर पहिल्यावर सूट.

खतावणीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं.
पहिला वसूल व्हायला सतरा दिवस घसरायला हवं.
माझी शिल्लक रजा बारा.
तीन प्रवासाचे,
एक सुजणाऱ्या गुडघ्यासाठी आधीच राखलेला.
उरले आठ.
म्हणजे दहाचा पासही मला सैलच.

तोष्णीवाल शेठ म्हणाले,
सीझन तर आपलाबी हाय बाई,
दोन सीझन एका माणसाला पेलतेत का?
खरं होतं. तिकडे बर्फ पडतो तेव्हाच
इकडे अंगणात कापसाच्या टेकड्या उभ्या राहतात,
आणि दोन्ही पांढऱ्यांना
मार्चनंतर कुणी विचारत नाही.

तयारी मात्र पोळ्यापासूनच चालू होती.
दाबून बांधलेल्या गाठीला पाठ टेकायची
आणि नसलेल्या खुर्चीत बसायचं, मांड्या लटपटेपर्यंत.
मारोती हमाल मोबाइलवर वेळ बघायचा:
उठू नका मॅडम, अजून वीस हायेत.
बूट पार्सलनं आले, कुण्या पुण्याच्या पोरानं विकलेले,
टणक, पुढे झुकलेले, ढांगेला खट् खट् वाजणारे.
ते घालून रोज रात्री गच्चीवर पन्नास फेऱ्या.
खालून देशमुखीण विचारते,
पाय मोडला का गं? कामून अशी चालायलीस?
मी तीन मोज्यांचे जोड घेऊन ठेवले होते.
तिकडचे बिष्ट सर फोनवर हसले:
एकच, तोही पातळ. जाड मोज्यात पाय पोहतो.
उरलेले दोन मारोतीला दिले.

बावीस वर्षांची असताना गेले होते एकदा.
दोन दिवस पडण्यात गेले.
तिसऱ्या दिवशी, पहाटे, सहा वळणं
एकसंध घेतली, न पडता,
आणि वर पाहिलं तर वादळ म्हणून लिफ्ट बंद.
एकवीस वर्षं मी सातव्या वळणाच्या आधी उभी आहे.

पास म्हटलं की मला एस.टी.चाच आठवतो.
आठवीत होते. रामपुरी ते मानवत, तीन महिन्यांचा.
रविवारी शाळा नसायची, पण पास चालायचा.
मी उगीच बसायचे खिडकीशी, मानवतला उतरायचे,
स्टँडवरच्या नळाचं पाणी प्यायचे, त्याच गाडीनं परत.
कंडक्टर म्हणायचा, आज कुठं?
कुठं नाही, पास आहे ना.
त्या रिकाम्या रविवारांसारखं
माझ्या मालकीचं पुढे फार काही झालं नाही.

म्हणून पहिलाच घेतला.
सूट वजा जाऊनही शुद्ध तोटा, हे हिशेबनीस म्हणून लिहून ठेवते.
जानेवारीत मी इथे गाठींचे नंबर टाकत असेन,
तेव्हा तिकडे माझ्या नावचा एक दिवस
रिकाम्या खुर्चीत बसून वर जाईल.
जाऊ दे.

फोटो हवा होता पासवर. नुसरतनं काढला,
प्रेसच्या दारात, भुवयांवर रुई, केसांत रुई.
धारकोटच्या ऑफिसातून निरोप आला:
मॅडम, आप यहाँ पहुँच गईं क्या?

उत्तर लिहायला घेतलं,
तेवढ्यात पुढचा ट्रॅक्टर काट्यावर चढला.
नुसरतनं सुई खुपसली, वाट पाहिली, वाचली.
आठ! म्हणाली.
उतरवा.